भोंगा कधी वाजवावा?

लीड्स, इंग्लंड

ती. बाबांस,


पोलादपूरच्या मामांनी विचारलं, "पोर तिकडे नक्की करते काय?" आणि तुम्ही "कॉम्प्युटर" एवढंच सांगून सुटलात, हे आईकडून कळलं. तेव्हा मामांना हे पत्र वाचून दाखवा.

आमच्या ऑफिसात दुरुस्त्यांची एक यादी असते. नळ गळतोय, दार अडकतंय, ज्याला दिसेल त्याने कॉम्प्युटरवर नोंदवायचं. लिहायला सगळे पुढे, उघडून बघायला कोणी नाही. म्हणून नवी नोंद पडली की आपोआप ईमेल जावा, हे काम माझ्या गळ्यात पडलं.

काम तसं किरकोळ. मायक्रोसॉफ्टच्या यादीत 'ऑटोमेट'खाली 'रूल्स' असतं. नवी नोंद झाली, नोंद काढून टाकली, रकाना बदलला, रकान्यात अमुकच शब्द आला, यांतलं एक निवडायचं, कोणाला कळवायचं त्याचं नाव घालायचं, की झालं. मायक्रोसॉफ्टच्याच शेअरपॉइंटचे जुने अलर्ट त्या कंपनीने 2025 पासून गुंडाळायला घेतले, म्हणून आता हा मार्ग.

पण साहेब म्हणाले, एकालाच का? सगळ्यांना कळू दे! झालं. कोणीतरी 'दूध संपलं' असं नोंदवलं आणि अख्ख्या मजल्याला मेल गेला. तिघांनी दूध आणलं. त्याच दिवशी जिन्याचं दार अडकल्याची नोंद होती, ती सगळ्यांनी वाचली आणि दुसरा कोणीतरी बघेल म्हणून सगळ्यांनी सोडून दिली.

मग एका हुशार सहकाऱ्याने पॉवर ऑटोमेट या मायक्रोसॉफ्टच्याच साधनात सुधारणा केली. मेल गेला की नोंदीपुढे आपोआप 'कळवलं' असं लिहिलं जावं. नोंदीत बदल झाला की मेल जावा, हे आधीपासून चालूच होतं. त्यामुळे मेल गेला की 'कळवलं' उमटायचं. उमटलं म्हणजे बदल झाला. बदल झाला म्हणून पुन्हा मेल! जेवणाच्या सुट्टीपर्यंत नळाची बातमी नळापेक्षा जोरात वाहत होती.

शेवटी मी त्यांना आपल्या महाडचा पुराचा भोंगा समजावून सांगितला. आमची नगरपालिका पावसाच्या प्रत्येक सरीला भोंगा वाजवत बसत नाही. सावित्री नदीची इशारा पातळी 6 मीटर, धोक्याची 6.5. भोंगा झाला की बाजारपेठेत चर्चा होत नाही, पोती माळ्यावर चढायला लागतात. साहेबांना पटलं. आता नळाची नोंद प्लंबरला जाते, दाराची सुताराला, आणि दुधाची कोणालाच जात नाही.

आता तुमच्याविषयी. गुलाबाचं फूल घातलेलं सुप्रभात रोज पहाटे न चुकता येतं. कोकमाचे गुणधर्म येतात, तेही तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून. पण मागे दुकानाच्या दुसऱ्या पायरीला पाणी लागलं, ते आम्हाला चार दिवसांनी मावशीकडून कळलं. का, तर पोरांना उगाच घोर नको! बाबा, महाडला पाऊस आहे म्हटल्यावर घोर लागतोच, तुम्ही सांगा नाहीतर सांगू नका.

22 जुलै 2021 चा पूर आठवा. आधी वीज गेली, मग मोबाइल बंद पडले. त्यानंतर कोणाला कळवायचं म्हटलं तरी कळवणार कशाने? म्हणून यंदा पाणी 6 मीटरला टेकलं की लगेच फोन करा, 6.5 ची वाट बघू नका. तुमच्याकडे रात्रीचे दोन म्हणजे पावसाळ्यात आमच्याकडे साडेनऊ; आम्ही भांडी घासत असतो. सुप्रभात एखाद्या दिवशी राहिलं तरी चालेल, हा फोन राहता कामा नये.

ती. आईस सा. नमस्कार.

तुमची,
धाकटी