धा येतो, धिं यायचा आहे

अलोऱ्याच्या कोयना वसाहतीत निवृत्त झालेला माणूस सहसा दोनपैकी एका कामाला लागतो. एकतर तो परसात हापूसची कलमं लावतो, नाहीतर महागाईभत्त्याच्या फरकाचा हिशेब करत बसतो. या दोन्हींत ज्याचा जीव रमत नाही, तो तबला शिकायला घेतो. त्याला आपण अण्णा म्हणू. हा माणूस एकच नाही, प्रत्येक आळीत एक आहे.

अण्णांची नोकरी कोयना प्रकल्पावर झाली. तबल्याची घराणी सहा: दिल्ली, अजराडा, लखनौ, फरुखाबाद, बनारस आणि पंजाब. अण्णांचं सातवं, पाटबंधारे. त्यामुळे रियाजाची नोंद मोजमाप पुस्तकाच्या धर्तीवर होते. फुलस्केप वहीत रकाने आखलेले असतात: दिनांक, कामाचा तपशील, परिमाण, शेरा. ‘धा’पुढे ‘काम पूर्ण’. ‘धिं’पुढे ‘काम प्रगतिपथावर’. ‘तिट’पुढे गेली तीन वर्षं ‘मुदतवाढ’.

‘तिट’ हा प्रौढ विद्यार्थ्याचा खरा वैरी. मधलं बोट पडलं की लगेच तर्जनी पडायला हवी, आणि दोन्ही आवाज सारखे यायला हवेत. चौतीस वर्षं पेन धरलेली तर्जनी असल्या हुकुमाला एकदम तयार होत नाही. ती आधी फाईल मागते. ‘धाधा तिट धाधा तूना’ हा कायदा सातआठ वर्षांची पोरं खाऊ खाता खाता वाजवतात. अण्णा वाजवतात तेव्हा दोन्ही धा वेळेवर येतात, तिट पुढच्या गाडीने येतो.

वसाहतीतल्या जुन्या लोकांना या आवाजाचं काही वाटत नाही. त्यांनी बोगद्यांचे सुरुंग ऐकले आहेत. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आठवणारी माणसं अजून आहेत. त्यांच्या दृष्टीने अण्णांचा डग्गा म्हणजे किरकोळ धक्का, नोंद घेण्यासारखा नाही. घरात मात्र नोंद होते. “अहो, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्यात, जरा थांबा,” असं वहिनींनी म्हटलं की अण्णा समेवर येण्यापूर्वीच थांबतात. सम कुठे आहे हे नक्की माहीत नसल्याने तसं फार बिघडत नाही.

खरी अडचण बोटांची नाही, उमेदीची आहे. ती येते आणि जाते. अण्णांना वाटतं, ती वस्तूंतून येते. म्हणून पहिला तबला मिरजेहून आला. उमेद ओसरल्यावर नवी चुंबळ आली, मग पितळी हातोडी, मग मखमली खोळ. खोळ इतकी देखणी निघाली की तबला बाहेर काढायचा जीवच होईना.

मग त्यांनी उमेद थोरांच्या चरित्रांत शोधली. अहमदजान थिरकवाँ साहेबांनी बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत साथ केली, हे वाचून अण्णा आठवडाभर पहाटे उठले. लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकरांचं लयीचं गणित वाचलं आणि आठवडाभर उठलेच नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये उस्ताद झाकीर हुसेन गेले, त्या रात्री अण्णांनी डोळे पुसून रोज दोन तास बसण्याची शपथ घेतली. ती संक्रांतीपर्यंत टिकली. मोठ्या कलावंताचं असंच असतं, त्याला ऐकून हात शिवशिवतात आणि मग आपलेच हात बघून खाली येतात.

त्यानंतर परीक्षा. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्याच परंपरेतल्या मंडळाची ‘प्रारंभिक’ ही पायरी. बाकावर शेजारी दुसरीतली मुलगी बसली होती. “आजोबा, तुम्ही नातवाला सोडायला आलात?” तिने विचारलं. अण्णांनी प्रवेशपत्र दाखवलं. तिने ते नीट वाचलं आणि धीर देत म्हणाली, “घाबरू नका, सर हाताने टाळी देऊन दाखवायला सांगतात, तेवढंच अवघड आहे.” तेवढंच अवघड गेलं. तरीही अण्णा पास झाले, आणि पास होताच सहा महिने तबल्याकडे फिरकले नाहीत. काम पूर्ण झालं की साइट सोडायची, ही खात्याची सवय.

शेवटचा घाव पावसाने घातला. चिपळूणच्या या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. जुलैत पापड सादळतात, काडेपेटी सादळते, तशी तबल्याची पुडीही. हातोडीने ठोकून काळी दोनला चढवलेला तबला चहा होईपर्यंत उतरलेला असतो. अण्णांनी तो चुलीजवळ शेकायला ठेवला. वहिनींनी तिथून उचलून कपाटावर ठेवला. तिथेच तो राहिला. वहीत शेरा पडला: ‘अतिवृष्टीमुळे काम स्थगित’.

आणि मग गणपती आले. गावाच्या भजनात तबल्याला बसणारा मुलगा मुंबईला कंपनीत कामाला. दरवर्षी तो येतो. यंदा त्याला रजा मिळाली नाही. वाडीतले दोघे अण्णांच्या ओटीवर येऊन म्हणाले, “अण्णा, आमचा पोर येत न्हाय. तुमी बसा.”

“अहो, माझा तिट अजून…”

“तिट कोनाला होवा? ठेका धरा म्हंजे झालं. आरतीनंतर पयली बारी आपल्याच वाडीत हाय.”

गणपतीला चार दिवस होते. त्या चार दिवसांत अण्णांनी जेवढा रियाज केला, तेवढा मागच्या दोन वर्षांच्या वहीत सापडणार नाही. कायदे, पलटे सगळे बाजूला. आठ मात्रांचा भजनी ठेका, तोच, सकाळ-संध्याकाळ. शपथ घेतली नाही, नवी वस्तू आणली नाही, कुणाचं चरित्र उघडलं नाही.

पहिल्या घरी लय थोडी पळाली. पेटीवाल्याने डोळे वटारले, तशी परत आली. तिसऱ्या घरी झांजा वाजवणाऱ्या पोरांनी गजर चढवला, अण्णा त्यांच्या मागे फरफटत गेले, पण सुटले नाहीत. पाचव्या घरी कुणी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. भजनात तबल्याकडे कुणी वळून पाहिलं नाही, म्हणजे तो बरा वाजतोय. उसळ-पाव खाताना कुणीतरी एवढंच म्हणालं, “उद्या वरच्या वाडीत जायचंय, तबला झाकून न्या, पाऊस हाय.” अण्णांना मिळालेलं हे सर्वांत मोठं प्रमाणपत्र.

कोयनेच्या सावलीत जन्म काढलेल्या माणसाला हे आधीच कळायला हवं होतं. पोफळी, कोळकेवाडी धरून कोयनेची क्षमता १,९६० मेगावॅट. पण ती यंत्रं काही दिवसभर भरधाव फिरत नाहीत. पश्चिमेकडे सोडायच्या पाण्याला कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली. संध्याकाळी राज्याची मागणी चढली की पाणी सोडायचं, काही मिनिटांत यंत्र भार उचलतं. उमेदीचंही तसंच. तिचा साठा माणसाजवळ असतो, तोही मोजकाच. कुणाची तरी मागणी यावी लागते. अण्णा इतकी वर्षं मागणी नसताना झडपा उघडत होते.

आता भजनाची तारीख ठरली की अण्णा बसतात. तारीख नसली तर ते स्वतःच वाडीत जाऊन ठरवून येतात. शिमग्याच्या पालखीपुढे ढोल वाजवायची इच्छाही त्यांनी बोलून दाखवली आहे. वाडीने अजून होकार दिलेला नाही. ढोल उभ्याने वाजवायचा असतो आणि गुडघ्यांची हमी कुणी घ्यायची, असा सवाल आहे.

दरम्यान ही लागण पसरली आहे. समोरच्या क्वार्टरमधले फरकाचा हिशेब करणारे गृहस्थ परवा अण्णांकडे पेटी शिकण्याबद्दल सल्ला विचारायला आले होते. कुठली पेटी घ्यावी, कुठला क्लास लावावा, मोबाइलवर काय बघावं, अशी यादीच करून आणली होती. अण्णांनी ती वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, “ते सगळं राहू दे. तुम्ही बेसूर वाजवलंत तर अडणार कुणाचं?”

गृहस्थांनी पुष्कळ विचार केला. “माझ्या बायकोचं,” ते म्हणाले.

“ते अडणं वेगळं,” अण्णा म्हणाले, आणि संकष्टीच्या भजनाला त्यांचं नाव लिहून टाकलं.