सरांचा मे महिना

खासगी संगीत विद्यालयं शिक्षकांकडून सही करून घेतात ते करारनामे एकदा नीट वाचा. पैसे द्यायची वेळ आली की शिक्षक ‘स्वतंत्र व्यावसायिक’ असतो आणि बंधनं घालायची वेळ आली की तोच नोकर होतो. आमच्यात मालक-नोकर असं नातं नाही, हे पहिल्याच पानावर. म्हणून पगार नाही, मानधन. भरपगारी रजा नाही, प्रॉव्हिडंट फंड नाही, वर दहा टक्के टीडीएस. पुढच्या पानावर मात्र वेळ संस्था ठरवणार, अभ्यासक्रम संस्था ठरवणार, न विचारता बाहेर कार्यक्रम करायचा नाही आणि काम सोडल्यावर दोन वर्षं आसपास क्लास काढायचा नाही. ही सरळसरळ अडवणूक आहे.

तबल्याच्या सरांची एक संध्याकाळ बघा. साडेपाचच्या बॅचसाठी ते पाचला येतात, हातोडी घेऊन एकेक तबला स्वरात लावतात. शाळेत चाचणी असली की सहातलं एकच मूल उगवतं. मानधन हजेरीवर, त्यामुळे सरांच्या हाती एका मुलाचे पैसे. संस्थेने सहाही जणांची फी तिमाहीच्या सुरुवातीलाच घेतलेली असते. गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाच्या तालमी, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचे फॉर्म, परीक्षेच्या दिवशी मुलांना साथ, हे कोणत्याच तासिकेत धरत नाहीत. मे महिन्यात बॅच बंद, की मानधनही बंद.

कुणी तक्रार केली की गुरुशिष्य परंपरा आठवते. विद्यादानाचे पैसे काय मोजता, असं ऐकवलं जातं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं गुरूच्या घरातून वर्गात आणलं. वर्ग आला की वेळापत्रक, फी आणि परीक्षा आलीच. हे सगळं आजच्या विद्यालयांनी आनंदाने घेतलं. परंपरेचा हवाला फक्त शिक्षकाच्या पैशांपुरता उरला.

शिक्षकाच्या बाजूने कायदाही फार उभा राहिलेला नाही. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1988 साली निकाल दिला की शिक्षक हे तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याखालचे ‘कामगार’ नव्हेत. कामावरून काढलं तर कामगार न्यायालयात जायची वाट तिथे खुंटली. म्हणूनच हातातल्या कागदावर काय लिहिलंय, याला इतकं महत्त्व आहे.

पण दोन वर्षं क्लास काढू नका, या कलमाला घाबरू नका. भारतीय करार कायदा 1872, कलम 27: कुणालाही कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. क्रिकेटपटू झहीर खानच्या प्रकरणात 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं, की करार संपल्यानंतरही माणसाला बांधून ठेवणारी अट चालत नाही. काम चालू असतानाची बंधनं वेगळी, ती पाळावी लागतात. हा फरक शिक्षकांना कुणी सांगत नाही, आणि धास्तीने कितीतरी जण घरी दोन मुलांना शिकवायलाही कचरतात.

शिक्षक गेला की मुलं त्याच्यामागे जातात, ही संचालकांची भीती खरी आहे. जागेचं भाडंही त्यांना चुकत नाही. पण चांगला शिक्षक टिकवायचा तर त्याला दरमहा ठरलेली रक्कम द्या, मूल आलं नाही तरी तासिकेचे पैसे द्या, तालमींचे तास मोजा, काढायचं असेल तर महिनाभर आधी लेखी कळवा. एवढं मराठीत एका पानावर मावतं, आणि त्याची सही केलेली प्रत शिक्षकालाही द्या.

पालकांनो, फी भरायला जाल तेव्हा काउंटरवर एकच विचारा: मे महिन्यात सरांना पैसे मिळतात का? उत्तर मिळाल्याशिवाय पावती फाडू नका.