माझ्याजवळची गिरणी

साताऱ्यात मंगळवार पेठेत वडिलांनी पिठाची गिरणी टाकली, तेव्हा पाटीवर दोनच गोष्टी रंगवून घेतल्या: आमचं आडनाव आणि पुढे 'पीठ गिरणी'. तेवढ्यावर लोक चाळीस वर्षं डबे घेऊन येत राहिले. मी मात्र गेल्या वर्षी त्या नावाला शेपटी लावली.

सल्ला पुतण्याचा, मोह माझा. फोनमधल्या नकाशावर आमची गिरणी होतीच, चार तारे आणि वर थोडं काही. पुतण्या म्हणाला, "काका, लोक नुसतं 'गिरणी' शोधत नाहीत. 'चकली भाजणी माझ्याजवळ' असं शोधतात." दिवाळीला तीन आठवडे होते. रात्री जेवून मी गिरणीचं पुन्हा बारसं केलं: आडनाव, पीठ गिरणी, चकली भाजणी, थालीपीठ भाजणी, उपवासाची भाजणी, नाचणी, मिरची कांडप, साताऱ्यात नंबर एक, माझ्याजवळ. वाचताना मध्ये एकदा पाणी प्यावं लागे. शेवटच्या 'माझ्याजवळ'वर मी विशेष खूश होतो. गिरणी माझ्याजवळच होती, त्यात खोटं काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी गहू दळताना मेल आला. आपली नोंद निलंबित करण्यात आली आहे. निलंबन आपल्याकडे तलाठ्याचं होतं, फौजदाराचं होतं, आणि त्यांना निदान अर्ध्या पगाराइतका निर्वाह भत्ता मिळतो. मला मेलमध्ये नियम वाचण्याची लिंक मिळाली.

ती उघडायची सोडून मी नवी नोंद काढली. निलंबन चालू असताना दुसरी नोंद काढू नये, असं त्या नियमांतच लिहिलेलं होतं. पण मिक्सरचं माहितीपुस्तक आपण धूर निघाल्यावर वाचतो, तसे नियम मी दोन दिवसांनी वाचले. तोवर दुसरी नोंदही गेली होती. आता माझ्या नावावर गुन्हे दोन होते आणि गिरणी एक.

मग अपील. अपिलाचा फॉर्म भरला, की पुरावे जोडायचं पान उघडतं, आणि ते उघडल्यापासून 60 मिनिटांत कागद चढवायचे असतात. शहाणी माणसं आधी कागद जमवतात, मग बटण दाबतात. मी बटण दाबलं आणि विचारलं, "शॉप अ‍ॅक्टचा कागद कुठंय गं?"

कागद ट्रंकेत होता. ट्रंकेची किल्ली बायकोच्या पर्समध्ये होती, पर्स बायकोबरोबर भिशीला गेली होती आणि भिशी पोवई नाक्याला होती. मी स्कूटरवरून जाऊन आलो. तेवढ्यात घरी येऊन बसलेल्या मेहुण्याला चहा विचारला. ट्रंक उघडली तेव्हा सतरा मिनिटं उरली होती.

आतून तीन कागद निघाले. वीजबिल जुन्या घरमालकांच्या नावाने, शॉप अ‍ॅक्ट वडिलांच्या नावाने आणि उद्यम नोंदणी माझ्या नावाने. ती पुतण्याने भरली होती, त्यामुळे आमच्या आडनावात इंग्रजीचं एक अक्षर जास्त. तिन्ही कागद शेजारी मांडल्यावर एकच निष्कर्ष निघत होता: या जागेत तीन असंबंधित पुरुष धंदा करतात, त्यातले दोघे हयात नाहीत आणि तिसऱ्याला स्वतःचं आडनाव लिहिता येत नाही. ते कागद मी फोटो काढून चढवत होतो, एकात माझा अंगठाही होता, तेवढ्यात वेळ संपली. अपील फेटाळलं गेलं. मी असतो तर मीही फेटाळलं असतं.

पुढचा आठवडा मी माणसासारखा वागलो. 2017 च्या दुकाने कायद्याप्रमाणे कामगार थोडेच असतील तर नोंदणीची गरज नसते, ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. आमच्याकडे माणसं अडीच: मी, गडी आणि गर्दीच्या दिवशी येणारी बायको. (तिला अर्धं धरलंय, हे घरी सांगू नये.) ती सूचना दिली, उद्यममधलं जादा अक्षर काढलं आणि नावाची शेपटीही कापली. नकाशावाल्यांचं म्हणणं एवढंच असतं, की पाटीवर जे नाव असेल तेच नोंदीत हवं. पाटीवर नेमकं काय आहे हे बघायला मी रस्त्यावर आलो, तर पाटीच नव्हती.

म्हणजे होती, पण तिच्यावर एका भावी नगरसेवकांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. वाढदिवस जूनमधला. रोज दोनदा त्याच्याखालून जाऊन मला तो दिसला नव्हता, आणि मी मात्र अख्ख्या साताऱ्याला दिसावं म्हणून धडपडत होतो.

पुन्हा विचार करा म्हणून अर्ज केला, तर आता व्हिडिओ मागितला. एका दमात, कापाकापी न करता: रस्ता, पाटी, आतली यंत्रं आणि मालक मीच आहे याची खूण, म्हणजे कुलूप उघडून दाखवणं वगैरे. आम्ही पहाटे सहाला सुरुवात केली. गड्याने फ्लेक्सच्या दोऱ्या सोडल्या, मी रस्त्यापासून चित्रण करत आलो, पाटी घेतली, कुलूप उघडलं. "हे जातं, हा पट्टा, ही मोटार," असं सांगत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "साहेबांचा फ्लेक्स कुणी काढला रे?" पुढची दोन मिनिटं व्हिडिओत माझा खुलासा आहे. कापाकापीला बंदी असल्यामुळे तो तसाच पाठवला. मालकीची इतकी भक्कम खूण दुसरी मिळाली नसती, कारण शिव्या थेट मालकालाच पडत होत्या.

या सगळ्या काळात दिवाळीचं दळण नेहमीएवढंच आलं. शेजारच्या आळीतल्या आजींना मी व्यथा सांगितली, तर त्या डबा उतरवत म्हणाल्या, "नकाशावरनं गेली म्हणजे? परवाच तर बाजरी दळून नेली की."

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी नोंद परत आली. जुने शेरेही परत आले. बारामतीच्या बहिणीचे पाच तारे आले, जी गेली दहा वर्षं पिशवीतलं तयार पीठ आणते. आणि सगळ्यांत वर, आता तरी गेला असेल अशी मला मनापासून आशा असलेला तो एक तारा आला: "उपवासाच्या भाजणीत गहू. एकादशी मोडली."

खरं होतं ते. त्या दिवशी आधीचा गहू झाडून न काढताच मी भाजणी टाकली होती, कारण एका हाताने फोनवर आमचे तारे मोजत होतो. शेऱ्याखाली 'उत्तर द्या' असं बटण आहे. दिवाळी होऊन गेली, तुळशीचं लग्न झालं, मी अजून 'नमस्कार' एवढंच लिहिलंय.