सहा बाय तीनची ऑर्डर

गेल्या वर्षी एका दुपारी गुजरातेतल्या इच्छापोरच्या नाक्यावर एक बाई सहा फूट बाय तीन फुटांची पर्चेस ऑर्डर डोक्यावर धरून रिक्षाची वाट बघत उभी होती. ऊन होतं, तेव्हा ऑर्डरीची सावली पडत होती. त्या दिवशी त्या ऑर्डरीचा तेवढाच उपयोग झाला.

त्या आमच्या वहिनी. माहेर नवापूरचं, म्हणजे ज्या रेल्वे स्टेशनाचा एक भाग महाराष्ट्रात आणि एक गुजरातेत, तिथलं. आदिवासी. उधन्याला शेड, आठ शिलाई मशीन, माल कामगारांचे हातमोजे. इच्छापोरला एका हॉलमध्ये एका मोठ्या कंपनीने ‘वंचित उद्योजकांशी नातं’ जोडायचा मेळावा ठेवला होता. मेळाव्याचं वर्णन करत नाही. समई, रोपटं, स्लाइड, पनीर. तुम्हीही जेवून आला असाल.

नवीन होता तो सनबोर्ड. जिंकणाऱ्याला मिळणारा चेक दाराएवढा असतो, हे क्रिकेटने आपल्याला शिकवलं. ऑर्डरही दाराएवढी असू शकते, हा शोध या कंपनीचा. वर दोन हातांचं हस्तांदोलन, मध्ये वहिनींच्या फर्मचं नाव (एक वेलांटी चुकलेली), खाली ‘पाच हजार जोड हातमोजे’ आणि एक सही, जी माणसाने नव्हे तर प्रिंटरने केली होती. टाळ्या झाल्या, फोटो झाला. आदिवासी आणि शिवाय बाई, म्हणजे एका फोटोत अहवालाचे दोन रकाने भरले. कंपनीच्या साहेबांनी वहिनींना स्टेजवर दोनदा चढवलं, ते उगाच नव्हे.

मग बोर्ड घरी न्यायचा प्रश्न आला. बसच्या दारातून तो आत जाईना. रिक्षावाला म्हणाला, ‘बेन, बोर्डनुं भाडुं अलग लागशे.’ वहिनींनी ते दिलं. त्या ऑर्डरीवर झालेला पहिला आणि आजतागायत एकमेव आर्थिक व्यवहार तो. सरदार ब्रिजवर वारा लागला तशी रिक्षा एका अंगाला कलली, आणि वहिनी दोन्ही हातांनी हस्तांदोलन धरून बसल्या. खालून तापी चालली होती. ती खानदेशातून येते, वहिनींच्या जिल्ह्यातून येते आणि हजिऱ्याजवळ समुद्राला मिळते. वाटेत तिला कोणी व्हेंडर कोड विचारत नाही.

वहिनींना विचारला. कारण स्टेजवरची ऑर्डर ही ऑर्डर नसते. खरी ए-फोर कागदावर येते, आणि ती यायला कोड, म्हणजे पुरवठादाराचा नंबर, लागतो. कोडला जातीचा दाखला लागतो. दाखला महाराष्ट्राचा निघाला. ‘मॅडम, गुजरातचा नाही का?’ स्टेजवर त्या शंभर टक्के आदिवासी होत्या, सिस्टीममध्ये अर्ध्याच भरल्या. स्टेशनासारख्या.

आता कोणी म्हणेल, कायदा नाही का? भरपूर आहे. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार सरकारी खाती आणि सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतला २५ टक्के माल सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा. त्या पंचवीस टक्क्यांपैकी ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून, ३ टक्के महिलांकडून. खासगी कंपनीला ही सक्ती नाही. तिथे सगळं प्रेमाने चालतं, आणि प्रेमाचं बिल कोणी पास करत नाही.

बिलावरून आठवलं. ट्रायल लॉट म्हणून कंपनीने वहिनींकडून दोनशे जोड आधीच नेले होते. २००६ चा कायदा सांगतो, लघुउद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्या, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. माल ताब्यात घेऊन १५ दिवसांत लेखी हरकत नाही घेतली तर तो स्वीकारला असंच समजायचं. पण कंपनीचं घड्याळ कायद्यावर चालत नाही, जीआरएनवर, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीवर चालतं. खरी पर्चेस ऑर्डर नाही म्हणून जीआरएन नाही, जीआरएन नाही म्हणून माल आलेलाच नाही, आणि न आलेले दोनशे जोड घालून माणसं काम करताहेत. व्याज मागा म्हणावं, तर व्याज तोच मागतो ज्याने पुढची ऑर्डर सोडलीय. २०२४ पासून आयकरानेही दम भरला, की मुदतीत पैसे दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चाची वजावट मिळणार नाही. त्यावर कित्येकांनी काय तोड काढली? छोट्यांनाच सांगितलं, तुम्ही लघुउद्योग म्हणून केलेली उद्यम नोंदणीच रद्द करा! म्हणजे उधारी बुडू नये म्हणून धनकोनेच नाव बदलायचं. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे त्याच मेळाव्यात दीड तासाचं एक व्याख्यान होतं: ‘खेळतं भांडवल कसं सांभाळावं’. आठ मशीन, आठ बायकांचा शनिवारचा पगार, सुताचे रोख पैसे, शेडचं भाडं हे सगळं दर आठवड्याला जुळवणाऱ्या बाईला खेळतं भांडवल कोण शिकवत होतं? ज्याच्या खिशात ते भांडवल अडकलं होतं तो! आणि वर विचारत होता, काही शंका? अरे, शंका कसली, दोनशे जोडांचे पैसे टाक की! विनोद करायला बसलो होतो, राहू दे.

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम जाऊन विचारली. सनबोर्ड छापणाऱ्याला कंपनीने पैसे कधी दिले? तो हसला. ‘पूरा अ‍ॅडव्हान्स. त्याशिवाय आम्ही मशीन चालू करत नाही.’ त्याला ना दाखला विचारला, ना कोड. त्या दिवशी त्या हॉलमध्ये कंपनीचं खरं नातं जुळलं ते याच्याशी.

बोर्ड सध्या शेडच्या खिडकीला लावलाय. पावसाची झड येत नाही.

परवा कंपनीचा फोन आला. वहिनींना वाटलं, कोड निघाला. पलीकडून गोड आवाज: ‘मॅडम, तो बोर्ड जपून ठेवलाय ना? यंदा पुन्हा मेळावा आहे. नुसतं तारखेवर स्टिकर मारू. पाठवाल?’

वहिनींनी मशीन थांबवलं.

‘पाठवते की,’ त्या म्हणाल्या. ‘तुमचा व्हेंडर कोड सांगा.’