बिऱ्हाड, बस्ता आणि बस्तान

'स्थायिक' हा शब्द सरकारी अर्जात आणि लग्नाच्या स्थळांतच भेटतो. 'मुलगा पुण्यात स्थायिक' वगैरे. कोल्हापुरात नवा माणूस स्थायिक होत नाही, तो बिऱ्हाड करतो. शब्द मोठा अघळपघळ. भाड्याची जागा म्हणजे बिऱ्हाड, टेम्पोतलं सामानही बिऱ्हाड, आणि बायकापोरंसुद्धा.

राजारामपुरीत खोली बघायला गेलो, तर घरमालकीणबाईंनी विचारलं, "बिऱ्हाड कधी आणणार?"

"गादी आणि बादली आहे, संध्याकाळी आणतो की."

"तसं न्हवं वो! मंडळी?"

मंडळी नाहीत म्हटल्यावर भाडं तेच राहिलं, चौकशा मात्र दुप्पट झाल्या.

बिऱ्हाड थाटता येतं, बस्तान बसावं लागतं. फरक बघायचा तर कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला जा. १९४३ साली तिथं पोलंडच्या निर्वासितांची छावणी उभी राहिली. सुमारे ५ हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. सायबेरियात हद्दपार झालेली, इराणमार्गे आलेली. शाळा, चर्च, दवाखाना, सगळं होतं. तरी ते बिऱ्हाडच. युद्ध संपलं आणि १९४८ पर्यंत ते उठलं. (माया मात्र उठली नाही. वॉर्सात आज कोल्हापूरचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आपले पंतप्रधान तिथं फुलं वाहून आले.)

फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं त्याच छावणीत उतरली. त्यांचं मात्र बस्तान बसलं. छावणीचं गांधीनगर झालं, कापडाची ठोक पेठ झाली. आता अख्खा जिल्हा लग्नाचा बस्ता बांधायला तिकडं पळतो. दुसऱ्याचे बस्ते बांधून स्वतःचं बस्तान बसवणं याला अक्कल लागते.

आम्हा नोकरदारांचं काय? गंगावेशीत म्हशीची धार समोर काढून फेसाळ दुधाचा पेला हातात देताना दूधवाला "घ्या पावणं" म्हणतो, तोवर आपण पाहुणेच. मिसळवाला "कट जरा बेतानं घालू का?" असं काळजीनं विचारतो, तोवर बिऱ्हाडकरू. न विचारता ओतू लागला की थोडी आशा धरावी.

आधार कार्डावरचा पत्ता बदलून मात्र काही होत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा फुटबॉलचा सामना असेल त्या दिवशी कुणाच्या बाजूनं ओरडायचं, ते आधी ठरवा. 'दोन्ही संघ चांगलेत' म्हणणार असाल, तर टेम्पोवाल्याचा नंबर जपून ठेवा.