गाव-नकाशाची पोच देण्यास झालेल्या विलंबाचा खुलासा

क्लीव्हलंड, ओहायो
मकरसंक्रांत

तीर्थस्वरूप दादांस,


आपले पत्र पावले आणि त्यातील रोषही यथास्थित पोहोचला. गाव-नकाशाची प्रत आपण ई-मेलने धाडून तीन आठवडे लोटले, तरी विहिरीच्या हद्दीविषयी माझा अभिप्राय नाही आणि साधी पोचही नाही, हा आपला आरोप मी नाकबूल करीत नाही. परंतु ज्यांनी मामलेदार कचेरीत एकतीस वर्षे अव्वल कारकुनी करून अर्ध्या तालुक्याकडून लेखी खुलासे मागविले, त्यांनी सख्ख्या धाकट्या भावाचा खुलासा न ऐकताच निकाल द्यावा, हे आपल्या लौकिकास शोभणारे नाही. म्हणून ही कैफियत सादर करीत आहे. विलंबाचे कारण एकच, आणि ते म्हणजे खिडकी.

खिडकी म्हटल्यावर वहिनींच्या डोळ्यांपुढे वाड्याच्या माडीवरची गजांची खिडकी उभी राहील, ती नव्हे. येथील घरांच्या खिडक्या दुहेरी काचांच्या असतात आणि ईरी सरोवरावरून हिम येऊ लागले की फाल्गुनापर्यंत त्या उघडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मी म्हणतो ती संगणकाच्या पडद्यावरची, जिच्यात दस्तऐवज उघडतो. आमचा जुना संगणक गेल्या वर्षी इतका मंदावला की तो सुरू करून चहा ठेवावा, चहा पिऊन कप विसळावा आणि मग कोठे त्याने डोळे उघडावेत; तेव्हा आमच्या चिरंजीवांनी त्यावर उबुंटू नावाची प्रणाली बसविली, आणि त्या दिवसापासून तो तरतरीत झाला हे मला प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. या प्रणालीत पीडीएफ वाचण्यासाठी एव्हिन्स नावाचा वाचक आहे. 2005 पासून चालत आलेली ही सालस, मितभाषी वस्तू आहे, आणि पुढील हकिकतीत जो काही घोटाळा दिसेल त्याची जबाबदारी तिची नसून सर्वस्वी आम्हां तिघांची आहे.

आम्ही तिघे एकच खाते वापरतो, कारण तिघांसाठी तीन परवलीचे शब्द पाठ ठेवण्याचे सामर्थ्य या घरात नाही. आता एका खिडकीवर तीन हक्कदार आले की काय होते, हे खातेफोडीची प्रकरणे हाताळलेल्या माणसास सांगावयास नको. मला खिडकी अशी हवी की पान संपूर्ण दिसावे, समासासुद्धा. सौ.ला ती पडद्याच्या डाव्या अर्ध्यात हवी, कारण उजव्या अर्ध्यात तिच्या बहिणीचा चेहरा असतो आणि स्तोत्र वाचता वाचता तिच्याशी बोलणेही चालू असते. चिरंजीवांना ती देवळीएवढी पुरते. त्या वयात डोळे शाबूत असतात आणि वाचण्यासारखे फारसे काही नसते.

नकाशा मी प्रथम उघडला तेव्हा मोठ्या उत्साहाने खिडकीच्या कडा ओढून ती ऐसपैस केली आणि चष्मा शोधावयास गेलो. परत येतो तो सौ.ने ती कोपऱ्यात दाबून तिळाच्या वड्यांची कृती उघडलेली. दुसऱ्या दिवशी नकाशा उघडावा तर तो त्याच दबलेल्या आकारात! पुन्हा मी ओढली, पुन्हा कोणी दाबली. असे आठ दिवस गेल्यावर मी ठरविले की हे रोजचे तंटे नकोत. एकदाच कायमचा बंदोबस्त करावा. एव्हिन्सच्या यादीत चालू मांडणी हीच यापुढची मूळ मांडणी समजावी अशा अर्थाचे एक कलम आहे. मी माझे विष्णुसहस्रनाम उघडले, खिडकी मनाजोगती 900 बिंदू रुंद आणि 1000 बिंदू उंच केली, स्नान झालेले होतेच, आणि ते कलम दाबले. नंतर नकाशा उघडला. तो पूर्ववत दबलेल्या आकारात.

दादा, त्या क्षणी मला सरकारी हुकूम काढूनही ज्याचे गावात कोणी ऐकत नाही अशा पाटलाची अवस्था कळली. चिरंजीवांना पाचारण केले. त्यांनी जो उलगडा केला तो ऐकून आपणांस आपली जुनी कचेरी आठवेल. हा वाचक प्रत्येक दस्तऐवजाच्या नावे एक स्वतंत्र नोंद ठेवतो: हा कागद शेवटी किती रुंद, किती उंच उघडला होता, कोणत्या पानावर मिटला, पडदाभर होता की नव्हता. कागद पुन्हा उघडला की प्रथम ती नोंद पाहावयाची. आणि नोंद नसेल तरच, म्हणजे कागद दप्तरात नव्याने दाखल झालेला असेल तरच, मूळ मांडणीचा नियम लावावयाचा. थोडक्यात, मी काढले ते सर्वसाधारण परिपत्रक, आणि नकाशाच्या प्रकरणावर सौ.चा विशेष शेरा अगोदरच पडलेला. विशेष शेऱ्यापुढे परिपत्रक चालत नाही, हे आपण मला लहानपणी वारंवार ऐकवीत होता. ते ओहायोत येऊन प्रत्ययास यावे असे विधिलिखित होते. जाता जाता चिरंजीवांनी असेही सांगितले की या प्रणालीच्या नव्या व्यवस्थेत खिडकीला आपला आकार मागता येतो, पण पडद्यावर कोठे बसावयाचे ती जागा मागता येत नाही. ती वरून मिळेल तेथे घ्यावयाची. हे ऐकून सौ.चा चेहरा सरकारी प्लॉटचा अर्ज फेटाळल्यासारखा झाला.

बरे, परिपत्रक तरी सरळ असावे! माझी अशी समजूत की मी 900 आणि 1000 हे आकडे त्यात नमूद केले. तसे मुळीच नाही. तेथे आकडा नोंदला जात नाही, गुणोत्तर नोंदले जाते: खिडकी कागदाच्या किती पट. पीडीएफमध्ये कागद इंचाच्या बहात्तराव्या भागाने मोजतात, आणि त्या मापाने आपला ए-फोर 595 रुंद व 842 उंच भरतो. माझे विष्णुसहस्रनाम ए-फोरवरचे, म्हणून माझ्या खात्यावर रुंदीस सुमारे 1.51 आणि उंचीस 1.19 असे दोन दशांश चढले, जेथे पूर्वी शून्य आणि शून्य, म्हणजे कसलाच हुकूम नाही, अशी निर्लेप स्थिती होती. आता या अमेरिकेत ए-फोर चालत नाही. यांचा लेटर कागद साडेआठ इंच रुंद व अकरा इंच लांब, आपल्यापेक्षा किंचित स्थूल आणि बुटका. परिणाम असा की विष्णुसहस्रनामावरून ठरविलेल्या खिडकीत येथील विजेचे बिल उघडले, तर ती आपोआप 926 रुंद आणि 941 उंच होते. बिल पाहून मनुष्य खचतो हे ठाऊक होते; खिडकीही खचते हे नवीन.

येथे एक विषयांतर करतो, आपणांस कागदाचा शौक आहे म्हणून. ए-फोरची मौज अशी की तो मध्यावर दुमडला तरी त्याच्या बाजूंचे प्रमाण तेच राहते. लिख्टेनबर्ग नावाच्या जर्मन विद्वानाने 1786 साली एका पत्रात या प्रमाणाची चर्चा केली होती, आणि 1922 साली जर्मनांनी पोर्स्टमान यांच्या योजनेवरून त्याचे मानक केले. या मापांतला मूळ ए-झीरो सुमारे एक चौरस मीटर क्षेत्रफळाचा. त्याच्या चार घड्या घालाव्या आणि ए-फोर हाती यावा. लेटर कागद दुमडला तर प्रमाण बिघडते, पण येथील लोकांना त्याचे सोयरसुतक नाही. आपल्या कचेरीतील फुलस्केप मात्र या दोहोंहून लांब, आणि माझ्या मते अर्जात विनंती, कारणमीमांसा आणि विनंतीची पुनरुक्ती ही तिन्ही मावण्यास तोच योग्य होता.

असो. परिपत्रकाचे दुसरे दुखणे याहून गहन निघाले. ते कलम दाबताना केवळ आकारच नव्हे, तर त्या घटकेस असलेली इतरही मांडणी कायम होते. आणि चिरंजीवांना रात्री काळ्यावर पांढरी अक्षरे वाचण्याची खोड आहे. त्यांनी एका रात्री स्वतःच्या सोयीने खिडकी देवळीएवढी केली, रंग उलटे केले, आणि तेच कलम दाबून झोपी गेले. सकाळी आपल्याकडून चि. सौ. कां.च्या लग्नाची पत्रिका आली. ती या घरात नवीन, तिच्या नावे कसलीच नोंद नाही. साहजिकच परिपत्रक लागू झाले. सौ.ने मोठ्या आनंदाने ती उघडली, तो पोस्टाच्या तिकिटाशी स्पर्धा करणारी एक खिडकी, तीत काळाकुट्ट कागद, आणि शिरोभागी शेंदराऐवजी निळे अंग धारण केलेले श्रीगजानन. करायला गेलो गणपती आणि झाला नीळकंठ! सौ.ने तत्काळ देवापुढे साखर ठेवली, चिरंजीवांना अंघोळीपूर्वी पत्रिकेकडे पाहण्यास मनाई केली, आणि मला विचारले की मुलाकडच्यांनी काही सुचविण्यासाठी तर असे पाठविले नाही ना. आपल्याकडची पत्रिका सुलक्षणी शेंदरी आहे असे वहिनींनी दूरध्वनीवरून शपथेवर सांगितले, तेव्हा कोठे शांतता झाली. वहिनींना त्या दिवशी असा चमत्कारिक प्रश्न का विचारला गेला, त्याचाही खुलासा याच पत्रात झाला असे समजावे.

त्यानंतर घरात तहनामा झाला. तो कलम दाबण्याचा अधिकार एकट्या माझा, चिरंजीवांनी रंग उलटावेत, पण ते त्यांच्या कागदापुरते, सौ.ने कोणताही कागद कोपऱ्यात दाबावा, फक्त नकाशा वगळून. रंग सुलटे करून आणि विष्णुसहस्रनाम पूर्वीच्या मापाने मांडून मी परिपत्रक नव्याने काढले. राहता राहिला नकाशा, ज्याच्यावरचा शेरा काही केल्या पुसत नव्हता. कारण खिडकी मोठी करून ठेवावी, तर तह होऊनही सौ.चा हात सवयीने त्या कोपऱ्याकडे जाई. शेवटी मला आपल्याच खात्यातील जुनी युक्ती सुचली. मूळ कागद बिघडला असेल तर नक्कल मागवावी! आपल्या ई-मेलमधून मी नकाशा पुन्हा उतरवून घेतला. नाव वेगळे, तेव्हा नोंद कोरी. आपण तो ए-झीरो आकारात पाठविला असल्यामुळे माझ्या गुणोत्तराने त्याने 3606 रुंद आणि 4002 उंच एवढी खिडकी मागितली. आमचा पडदा अवघा 1920 बाय 1080 चा, म्हणून वाचकाने पडद्याची हद्द ओळखून तेथेच आवर घातला, आणि अशा रीतीने काल सायंकाळी, तिन्हीसांजेच्या सुमारास, आपले गाव आमच्या संपूर्ण पडद्यावर प्रथमच पसरले. ओढा, देवराई, शाळेमागची पांद, सारे ओळखीचे निघाले. मला थोडा वेळ काही बोलवले नाही.

आता मुद्द्याचे. विहिरीची वर्तुळाकार खूण आपल्या गटात नसून बांधापलीकडे, शेजाऱ्यांच्या गटात पडली आहे. मी खिडकी लहान करून पाहिली, मोठी करून पाहिली, सौ.च्या अर्ध्या भागातही पाहिली. खूण तेथेच आहे. तरी मूळ नकाशा कचेरीत समक्ष पाहून उलट टपाली कळवावे.

वहिनींस शिरसाष्टांग नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. तिळाच्या वड्या कडक झाल्या. गुळाच्या पाकाची खूण ज्या ओळीत होती, ती ओळ खिडकीखाली गेली होती असे सौ.चे म्हणणे आहे.