इसार आधी, आलाप नंतर

भंडारा जिल्ह्यातल्या नाकाडोंगरीत पोरीच्या बापाला पोटापाण्याचे तीनच मार्ग पटतात: धानाची शेती, मॅगनीजची खाण आणि सरकारी नोकरी. डोंगरी बुजुर्गची खाण उघड्यावर, चिखल्याची जमिनीखाली; पण पगार दोन्हीकडे महिन्याचा महिन्याला होतो. मी ऑर्गन वाजवतो. हे ऐकून समोरचा कौतुकाने मान डोलावतो आणि विचारतो, "थे बराबर आहे बाप्पा, पण काम का करतेस?"

माझं काम पंचांगावर चालतं. भाऊबीजेपासून मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. दिवसा दंडार नि खडी गंमत ही लोकनाट्यं, रात्री नाटक. आमच्या झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या, नाटकाचा पडदा एकदा उघडला की पाखरं बोलू लागेपर्यंत पडत नाही. नट आत जाऊन डुलकी काढतात. ऑर्गनवाल्याला ती सोय नाही. नायिका केव्हा मरेल याचा नेम नसतो, आणि मेली की सूर तयार पाहिजे. होळीपर्यंत हा हंगाम. मग लग्नसराई, 14 एप्रिलची भीमगीतं, पुढे गणपती, नवरात्र. मध्य प्रदेश शेजारीच, त्यामुळे कटंगीकडच्या वरातीत मराठी सूर पेटीत ठेवून हिंदी काढावे लागतात. आषाढात सारं गाव रोवणीला जातं, तेव्हा मी रियाज करतो. बिनकामाच्या महिन्यांना एवढं अब्रूदार नाव दुसऱ्या कुठल्या धंद्यात नाही.

खरी मैफल मंडळाशी बोलणी करताना रंगते. "भाऊ, तुम्ही तर घरचेच!" या वाक्याने सुरुवात झाली की मी ओळखतो, पैसे गेले. मंडपवाला, जनरेटरवाला, आचारी हे बाहेरचे. त्यांना आधी द्यावे लागतात. घरच्याला शाल-नारळ पुरतो. माझ्याकडे शाली इतक्या साठल्यात की थंडीची भीती राहिली नाही. पण शाल ठेवून किराणावाला तेलाची पिशवी देत नाही.

"मामा, ऑनलाइन टाका," भाच्याने सल्ला दिला. टाकलं. यूट्यूबच्या जाहिरातींतून पैसा हवा तर 1000 सदस्य आणि वर्षभरात 4000 तास पाहणारे डोळे पाहिजेत. स्पॉटिफायवर 2024 पासून एखादं गाणं बारा महिन्यांत 1000 वेळा वाजलं नाही, तर त्याचं मानधनच निघत नाही. मी सारं गणगोत कामाला लावलं. आईने धान निवडताना नेटाने माझीच चाल ऐकली. शेवटी म्हणाली, "आता रेडिओ लावू दे रे पोरा."

कायदा मात्र आमच्या बाजूने आहे. गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठी आयपीआरएस ही संस्था 1969 पासून आहे. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा पक्का केला. फक्त पहाटे तीनला मंडईच्या मंडपात माझी चाल कुणी उचलली, याची पावती फाडायला तिथे कुणी जागं नसतं.

2023 मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा घरात माझा भाव वधारला. आईने विचारलं, "त्यात महिन्याचे किती येतेत?" पद्म पुरस्कारासोबत पैसे नसतात, हे सांगितल्यावर ती समजुतीने म्हणाली, "म्हणजे शालच!"

सारा हिशेब मांडल्यावर स्वतंत्र संगीतकाराच्या करिअरचा एकच मंत्र हाती लागतो: हातात पडला तो इसार खरा, बाकी सारा आलाप. तेव्हा मंडळाच्या अध्यक्षांनो, यंदा मंडईचा खर्च मांडाल तेव्हा वाजवणाऱ्याचं नाव मंडपवाल्याच्या ओळीत लिहा. अर्धे पैसे ठरवतानाच द्या, अर्धे तिसऱ्या घंटेच्या आधी. शाल नाही दिली तरी चालेल.